एकोणतिसावं बटण

आमच्या घरात एक प्रसिद्ध व्यक्ती राहत होती आणि हे आम्ही नवरा-बायको सोडून जगातल्या तीनशे लोकांना माहीत होतं. ती व्यक्ती म्हणजे आमची मुंगी. हे घरातलं नाव. लहानपणी स्वतःच्या वजनापेक्षा जड काहीतरी ओढत खोल्याखोल्यांतून फिरायची, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं. मोठेपणीही ती तशीच राहिली, ओझं तेवढं बदललं.

एकोणिसाव्या वर्षी तिची स्वतःची वेबसाइट होती, एका जपानी कार्टून मालिकेवर. 'कार्टून' म्हटलेलं तिला खपायचं नाही, 'ॲनिमे' म्हणायचं. एका गलबतावरच्या लढवय्यांची बावन्न भागांची गोष्ट. बाकी सगळं जग त्या लढवय्यांवर साइटी काढत होतं. मुंगीने काढली ती गलबतावरच्या स्वयंपाकिणीवर. ही बाई बावन्नपैकी अकरा भागांत दिसते, त्यातल्या दोन भागांत पाठमोरी. तिच्यावर माझ्या मुलीने साठ पानं लिहिली होती. ती पळी कोणत्या हातात धरते, तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे तो कितव्या भागापासून, असं सगळं. मला हे कळल्यावर मी म्हटलं होतं की एवढं लक्ष तू कधी माझ्या स्वयंपाकाकडे दिलं नाहीस. ती म्हणाली, "तू अकरापेक्षा जास्त भागांत आहेस."

अशा साइटी चालवणाऱ्यांना वेबमास्टर म्हणतात. त्यांच्यात मानपान कसा चालतो ते तिने मला जेवताना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं, आणि मी लग्नकार्यातही इतका मानपान पाहिलेला नाही. प्रत्येक साइटच्या पायथ्याशी एक काउंटर असतो, म्हणजे आतापर्यंत किती जण येऊन गेले त्याचा आकडा. पाचशेच्या आतला माणूस पाच हजारवाल्याला स्वतःहून पत्र लिहीत नाही. लिहिलंच तर आधी माफी मागतो. वेबमास्टर एकमेकांना पुरस्कारही देतात. देणारे इतके की कुणी उपाशी राहत नाही. आठवड्याला एक पुरस्कार मिळाला तर चांगलं, रोज मिळायला लागले तर माणूस मागून घेतो अशी कुजबुज. सगळ्यात नीच गुन्हा म्हणजे आपलंच पान आपणच पुन्हा पुन्हा उघडून आकडा फुगवणं. एक मुलगा तसं करताना सापडला होता, कारण त्याचा आकडा शाळेला सुट्टी असली की भरभर वाढायचा. त्याचं नाव मुंगी आमच्यासमोरही घ्यायची नाही.

या सगळ्यांच्या वर एक मुलगी होती. तिचं तिथलं नाव काहीही असो, आमच्या घरात तिला महाराणी म्हणत. तिच्याकडे इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा पत्ता होता, विकत घेतलेला, आणि त्या पत्त्यावर तिने बावीस जणांच्या साइटींना फुकट जागा दिली होती. मी त्यांना महाराणीचे पोटभाडेकरू म्हणायची. पोटभाडेकरू व्हायला अर्ज करावा लागे. मुंगीने तीनदा केला, दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा उत्तर आलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला घेतलं." मला वाटलं नोकरी लागली. मी विचारलं, पगार किती?

तिचा पडलेला चेहरा मला आजही आठवतो. पण त्या वेळी मी तो पाहून न पाहिल्यासारखा केला. शेवटचं वर्ष होतं, मार्क घसरत चालले होते, आणि टेलिफोनची लाइन संध्याकाळभर तिच्या साइटपायी अडकलेली असे. मला रोज वाटायचं की ही मुलगी एका न जन्मलेल्या स्वयंपाकिणीपायी आपलं आयुष्य चुलीत घालणार.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते, आता निवृत्त आहेत. त्यांना काळजी कमी आणि गंमत जास्त. "तुझी महाराणी कितव्या मजल्यावर राहते गं?" असं विचारायचे. मुंगी सांगायची, चाळिसाव्या. "आणि आपण?" आपण सव्विसाव्या. मग समाधानाने भाकरीचा तुकडा मोडायचे.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी आमच्या शेजारची भिंत पाडायला घेतली. दिवसभर हातोडे. मुंगीला अभ्यासासाठी तिच्या मावशीकडे पाठवायचं ठरलं. मावशीकडे कॉम्प्युटर नव्हता आणि माझ्या दृष्टीने मावशीची ती सगळ्यात मोठी लायकी होती. जाताना मुंगीने साइट माझ्या हवाली केली. मला तिने दोन संध्याकाळी शिकवलं, पान कसं उघडायचं, कसं बदलायचं, कसं वर चढवायचं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. सूचना नीट लिहून दिल्या तर मला सगळं जमतं. तिने वहीचं पान फाडून सूचना लिहून दिल्या. गेस्टबुकात, म्हणजे पाहुण्यांच्या वहीत, कुणी काही लिहिलं तर आभार मान, पण दोन ओळींपेक्षा जास्त नको, गरजू वाटतो. रोज मेल बघ आणि महत्त्वाचं काही असेल तर मावशीकडे फोन कर. शेवटची सूचना अधोरेखित होती: बाकी कशाला हात लावू नकोस.

पहिले बारा दिवस मी लावला नाही.

तेराव्या दिवशी शनिवार होता. हे कामावर, मुंगी मावशीकडे, भिंत पाडणारे सुट्टीवर. साइटच्या शेवटच्या पानावर एकतीस छोटी बटणं होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रं. प्रत्येक बटण एका मित्र-साइटचं. दाबलं की तिथे जायचं. ती कशीही लावलेली होती. वरचं एक बटण इतरांच्या दुप्पट मोठं, त्यामुळे पहिली ओळ मोडलेली. मी पंधरा वर्षं तालिका लावत आले होते. विस्कटलेलं कार्डांचं खोकं समोर ठेवून मला चहासुद्धा गोड लागत नाही. मी एकतीस नावं कागदावर उतरवली, वर्णानुक्रमे लावली, मोठं बटण सगळ्यांएवढं केलं आणि पान वर चढवलं. पाच-पाचच्या सहा ओळी आणि खाली एक. फार सुरेख दिसत होतं. मला वाटलं, मुंगी आल्यावर म्हणेल, आई, किती बरं केलंस.

नंतर कळलं की ती बटणं कशीही लावलेली नव्हती. त्या लोकांत बटणांचा क्रम म्हणजे दरबारातल्या खुर्च्या. मोठं बटण महाराणीचं होतं आणि पहिलं असणं हा तिचा मान होता. माझ्या यादीत तिच्या नावाचं अक्षर शेवटाकडे येत असल्यामुळे ती एकोणतिसावी गेली. दोन वेबमास्टर एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून मुंगीने त्यांना दोन टोकांना बसवलं होतं. मी त्यांना मांडीला मांडी लावून बसवलं आणि दोघांनाही वाटलं की मुंगी दुसऱ्याला सामील आहे. पहिल्या जागेवर आली ती एक बारा वर्षांची मुलगी. तिची साइट गलबतावरच्या मांजरावर होती आणि काउंटर होता त्रेचाळीस. तिला मी मनात टिकली म्हणायला लागले. तिने गेस्टबुकात लिहिलं, मला पहिला नंबर दिल्याबद्दल आभार, मी आईला बोलावून दाखवलं. मी दोन ओळींत उत्तर दिलं. मला वाटलं मुलगी जरा हळवी दिसते.

सोमवारी गेस्टबुकात इतर लोक आले. "समजलं" एवढंच एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं की काही लोकांना थोडं वर चढलं की लगेच जमीन दिसेनाशी होते, किंवा तशा अर्थाचं काहीतरी. मी त्यांचेही आभार मानले.

मंगळवारी महाराणीचं पत्र आलं. ती स्वतःला 'आम्ही' म्हणायची. आमच्याकडे राहून आम्हालाच एकोणतिसावं बसवणं हा अपमान जाणूनबुजून केला आहे का, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. नाही आला तर शुक्रवारी जागा रिकामी करण्यात येईल. खाली सही, आणि सहीखाली तिच्या बावीस पोटभाडेकरूंची यादी. पत्रावर मी हसले. हे कबूल केलं पाहिजे की मी आधी हसले. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

बुधवारी आणि शुक्रवारी मुंगीचे पेपर होते, सगळ्यात अवघड दोन. मावशीकडे फोन करायचा नाही हे मी लगेच ठरवलं, आणि तेवढ्यासाठी मला कुणी दोष देणार नाही. खुलासा मीच लिहायला घेतला. मी मुलीची आई आहे, ती परीक्षेला गेली आहे, बटणं मी हलवली, मला तुमचे रिवाज माहीत नव्हते. चार ओळी झाल्या. पाठवायचं बटण समोर होतं. आणि मग मला एक विचार आला, अगदी शांतपणे, दूध उतू जाण्याआधी एक क्षण सगळं स्थिर दिसतं तसा. हे पत्र नाही पाठवलं तर साइट जाईल. साइट गेली तर मुंगी सुटेल. आणि मी काहीच केलेलं नसेन.

मी माझ्या चार ओळी पुसल्या. मग महाराणीचं पत्रही पुसलं.

संध्याकाळी मुंगीचा मावशीकडून फोन आला. सगळं बोलून झाल्यावर तिने विचारलं, साइट बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, तू झोप काढ. शुक्रवारी दुपारी मी घरी येऊन पत्ता टाकला तर कोरं पान आलं. तेव्हा मला जे वाटलं ती सुटका होती. ती तासभर टिकली असेल.

मुंगी रविवारी आली. पेपर चांगले गेले होते. बूट न काढताच कॉम्प्युटर लावला, कोऱ्या पानाकडे पाहत बसली. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. चार महिन्यांपूर्वी मशीन दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा सगळं पुसलं गेलं होतं, आणि परीक्षा संपल्यावर साइटवरूनच साठही पानं उतरवून घ्यायची असं तिने ठरवलं होतं. मी तिच्यामागे उभी राहून बटणांचं सांगितलं. तेवढंच सांगितलं. ती वळली आणि म्हणाली, "वर्णानुक्रमे? महाराणीला?" आणि हसायला लागली. पोट धरून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. तिचे बाबाही आत येऊन हसायला लागले. मी तेव्हा बोलायला हवं होतं, हसण्याच्या भरात सगळं वाहून गेलं असतं.

हसणं थांबल्यावर ती म्हणाली की पण कुणी न कळवता असं काढत नाही, तीन दिवसांची मुदत देतात, हा सगळ्यांचा नियम आहे. "काही पत्र आलं होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या दहा दिवसांत काय झालं ते मला तुकड्यांनी कळत गेलं. मुंगीने त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर लिहिलं की महाराणीने मुदत न देता साठ पानं पुसली. आधी कुणाचा विश्वास बसेना, कारण महाराणी गर्विष्ठ असली तरी नियमाने वागणारी म्हणून प्रसिद्ध होती. महाराणीने सांगितलं की पत्र मंगळवारी पाठवलं. मुंगीने सांगितलं, मिळालं नाही. बावीस पोटभाडेकरूंतले सहा जण सामान उचलून निघून गेले. कुणीतरी महाराणीला दिलेला पुरस्कार परत मागितला. घरात ह्यांना हे ऐकून फार मजा वाटायची. "चाळिसाव्या मजल्याची लिफ्ट अडकली का?" असं विचारत. मी भांडी घासत असे आणि मला ती न पाहिलेली मुलगी दिसत असे. कुठल्यातरी घरात, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, मी तर पाठवलं होतं हो, मी पाठवलं होतं, असं सगळ्यांना लिहिणारी. ती वीस वर्षांची असेल. तिलाही आई असेल आणि ती आईही म्हणत असेल, बंद कर ते.

शेवटी मी वाचनालयातल्या मशीनवर, जेवणाच्या सुट्टीत, ते चर्चेचं पान स्वतः उघडलं. मुंगीने आदल्या दिवशी लिहिलं होतं: त्या आठवड्यात मेल रोज माझी आई बघत होती. ती ग्रंथपाल आहे. तिच्या हातून कागद हरवत नाही आणि ती खोटं बोलत नाही. खाली चाळीस-एक उत्तरं होती. त्यातल्या एकाने लिहिलं होतं, आईने पाहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

माझ्या टेबलाशी एक विद्यार्थी पुस्तक घेऊन उभा होता. त्याच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मी दोनदा मारला.

घरी गेले तेव्हा मुंगी वाळलेले कपडे घडी करत होती. मी चप्पलही काढली नाही, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"पत्र आलं होतं," मी म्हटलं.

तिचे हात चालूच राहिले. "कधी?"

"मंगळवारी."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा आलेलं होतं."

"हो. मी पुसलं."

तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुझे पेपर होते. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या लहानपणी मी तिच्याकडे असंच बघायची, खरं बाहेर येईपर्यंत.

"मला वाटलं, गेलं तर जाऊ दे," मी म्हटलं. "सुटशील."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, कपड्यांच्या ढिगाशेजारी, आणि तिने विचारलं. "तू वाचली होतीस का ती पानं? एखादं तरी? मी पुन्हा लिहायला बसले, तर तुला त्यातलं काय आठवतंय?"

मला एकतीस बटणांची नावं आठवत होती, क्रमाने. आजही आठवतात. साठ पानांतलं एकही मी उघडून वाचलेलं नव्हतं. तीन आठवडे माझ्या ताब्यात होती. पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आले होते की पुस्तक नुसतं हाताळू नका, उघडा.

त्या संध्याकाळी तिने चर्चेच्या पानावर लिहिलं की पत्र आलं होतं, चूक माझ्या घरात झाली, महाराणीची काही चूक नाही, आणि मी सगळ्यांची माफी मागते. आई हा शब्द तिने कुठे येऊ दिला नाही. मी म्हटलं, मी लिहिते ना त्या मुलीला, माझी चूक आहे. ती म्हणाली, "नको. तू आता कुणाला काही लिहू नकोस." लोक तिला जे काय म्हणायचं ते म्हणाले. एकतीसपैकी सत्तावीस जणांनी आपल्या साइटवरून तिचं बटण काढलं. महाराणीने मात्र दोन ओळींचं उत्तर पाठवलं, या वेळी 'आम्ही' नव्हतं. खुलासा पोचला. माझ्याकडेही प्रत नाही, याचं मला वाईट वाटतं.

महिनाभराने टिकलीचं पत्र आलं. तिला घरी आठवड्यातून एकच तास इंटरनेट मिळायचं. म्हणून तिने मुंगीची आवडती चौदा पानं वडिलांच्या ऑफिसात छापून घेतली होती, उशाशी ठेवून वाचायला. ती तिने बसून पुन्हा टाइप केली होती. माझ्या साइटवर जागा आहे, मांजराच्या शेजारी, तुम्ही याल का, असं तिने विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं की तुम्ही मला पहिला नंबर दिला होता, म्हणून. तो नंबर कसा आला हे तिला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

तीनशे लोकांत प्रसिद्ध असलेली माझी मुलगी त्रेचाळीसवालीची पोटभाडेकरू झाली. ह्यांना कळलं तेव्हा ते जेवायचे थांबले. विनोद करतील असं वाटलं, पण म्हणाले, तळमजल्यावरच लोक लिफ्टमध्ये चढतात. मुंगी त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा हसली, आमच्याकडे न बघता.

साठच्या साठ पानं पुन्हा झाली नाहीत. वर्षभरात वीस झाली, मग नोकरी लागली. आता ती सदतीस वर्षांची आहे, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. लोक तिच्या तोंडावर बिलं नाचवतात आणि ती शांतपणे विचारते, पाणी कोणत्या वेळी येत नाही, सकाळी की संध्याकाळी? बारकाईने ऐकते. तिच्या खिडकीची रांग हळू सरकते, असं वरचे लोक म्हणतात, आणि त्याच रांगेत लोक जास्त उभे राहतात. माझ्याशी ती चांगली आहे. औषधं आणून देते, डोळे तपासायला नेते. फक्त तिच्या टेबलावर काही पसरलेलं असलं तर बाहेर जाताना दारातून एकदा मागे वळून बघते. मी हात मागे बांधून उभी राहते.

टिकली आता फिजिओथेरपिस्ट आहे. तिने ते मांजर आणि ती स्वयंपाकीण अजून चालू ठेवली आहेत. कुणी येत नसलं तरी. मी ती वीस पानं वाचली आहेत, इतक्यांदा की पळी उजव्या हातात असते आणि सातव्या भागात एकदाच डाव्या, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. सातव्या भागात तिचं उजवं मनगट भाजलेलं असतं. मुंगीने त्यावर अख्खं पान लिहिलंय आणि ते चांगलं आहे. हे मी तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, हं.

सगळे झोपले की मी ते पान रोज एकदा उघडते. खाली काउंटर आहे. काल एकोणीस हजार दोनशे चौऱ्याऐंशी होता. मी हिशोब केला तर त्यातले सहा-सात हजार माझेच निघतात. मुंगी अधूनमधून तो आकडा बघते आणि म्हणते की कुणीतरी अजून येतं वाटतं. त्या लोकांत याहून नीच गुन्हा नाही, हे मला माहीत आहे. आज अजून उघडलेलं नाही. हे लिहून झालं की उघडेन.